पानावरचा गंज

आजीच्या पुस्तकात आज गंजाचा ठिपका दिसला आणि केजजवळच्या गावातली ती उन्हाळी दुपार आठवली. मी हेच पुस्तक वाचून दाखवत होते, आजी गोधडी शिवत होती. शिवलेल्या भागावर माझा तान्हा भाऊ झोपला होता. अचानक ती म्हणाली, "सुई कुठं हाय गं?"

मी भावाला उचलायला धावले.

"हलवू नको! रुतंल त्याला!" तिने बाळाखाली तळवा सरकवला आणि दाबत दाबत गोधडी चाचपू लागली.

"आजी, लोहचुंबक आणते."

"गप बस, डाक्टरीणबाई!"

सुई पुस्तकात निघाली. मी मध्येच उठले तेव्हा आवडलेल्या पानाची खूण म्हणून तिनेच टोचली होती, आणि नंतरही तिथेच राहू दिली. तेव्हा मला तिची पद्धत अशास्त्रीय वाटली. सुई असलीच तर आधी आपल्या हातात शिरावी, म्हणून ती इतकी दाबत होती, हे आज कळते.