तुळजापूरच्या स्टँडवर ठरलेलं माझं शिक्षण

बारावी पास झाले त्या उन्हाळ्यात मी भवानीआईवर रुसले होते. घरात सगळे खूश होते आणि मला मात्र जेवण जात नव्हतं. आमचं गाव परंड्याजवळ, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मी लहान असताना मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, पाण्याच्या मागं कळप घेऊन दूर गेले आणि आम्हालाही बरोबर नेलं. मेंढी अडली की आप्पांचा हात जाड पडायचा, मग ते मला हाक मारायचे. ओलं, गरम कोकरू हातात आलं आणि त्यानं पहिला श्वास घेतला, की मला दुसरं काही सुचत नसे. मोठं होऊन हेच शिकायचं, हे मी तेव्हाच मनाशी धरलं होतं.

पण शिकायचं कुठं? आमच्याकडं अकरावी-बारावीला कला शाखाच होती, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीचं कॉलेज मला बंद. माझे चुलते, तात्या, प्राथमिक शिक्षक; शिक्षणाच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द चालायचा. त्यांनी माझ्यासाठी डी.एड. ठरवून टाकलं. नोकरी पक्की, मुलीला शोभणारी. मी मनातलं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. असा कोर्सच तुझ्यासाठी नाही, एवढंच म्हणाले. त्यांचं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

माय मला ओटी भरायला तुळजापूरला घेऊन गेली. डी.एड.ला नंबर लागू दे म्हणून माग, असं तिनं वाटेत बजावलं होतं. रांग पुढं सरकत गेली आणि मी देवीसमोर उभी राहिले तेव्हा ते शब्द तोंडातून निघेनात. डोळे भरून आले. मी मनात एवढंच म्हटलं, आई, मला काही कळंना झालंय, आता तूच बघ. पाठीमागच्यांनी रेटलं आणि मी बाहेर आले. काही घडलं नाही. मन उलट रिकामं वाटत होतं.

बार्शीकडच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो होतो. शेजारच्या लिंबाखाली एका म्हाताऱ्या बाईंची शेळी अडली होती. माणसं गोळा झाली होती, कुणी पाणी पाज म्हणत होतं, कुणी कसायाला दे. मी गर्दीतून आत गेले. पिलाचं तोंड आणि एकच पाय दिसत होता, दुसरा मागं मुडपलेला. हाताला लावायला काही नव्हतं. तेवढ्यात मायनं पिशवीतून देवीच्या दिव्याला घालून उरलेलं तेल काढून माझ्या हातावर ओतलं. मी पिलू हळूच मागं सारलं, पाय चाचपून पुढं घेतला आणि कळ आली तसं ओढलं. करडू बाहेर आलं. हलेना. त्याचं नाक पुसलं, अंग खसाखसा चोळलं, तेव्हा ते शिंकलं. मी मोठ्यानं हसले, रडले, काय केलं आठवत नाही.

हात धुवायला पाणी घातलं ते एका अनोळखी बाईंनी. पांढरी सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी. कुणाकडून शिकलीस, काय करतेस, असं त्या विचारत गेल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. कोर्सच नाही, हेही सांगितलं.

"एकाच जागी नाही, एवढंच," त्या म्हणाल्या. "गावात दूध संस्था निघाली असेल तर तिथं दूध तपासायला लाग. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना मदत कर. सोलापूरला दुग्धव्यवसायाचे वर्ग असतात, तेही कर. तुकड्यातुकड्यानं शीक. जोडणी तुझी तू कर."

आमची गाडी लागली म्हणून धावपळ झाली आणि त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

गाडीत मायनं माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "देवीचं तेल तुझ्या हाताला लागलं. आता तात्यास्नी म्या सांगते. तू लई भिऊ नगं."

तिनं सांगितलं. तात्या नाराज झाले, पण शेवटी बाहेरून बी.ए. करण्याच्या अटीवर मानले. मग काय दिवस सुरू झाले! सकाळी गावात नव्यानं निघालेल्या संस्थेत दूध तपासायचं, दुपारी दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली, सवड मिळेल तेव्हा पुस्तकं. पुढं सोलापूरचा वर्गही झाला. आज काय नवीन शिकायला मिळणार, या ओढीनं मी कोंबड्याच्या आधी उठायची. संस्थेनं पुढं मलाच गावातल्या जनावरांच्या प्रथमोपचाराचं काम दिलं. तात्या ते सगळ्या पाहुण्यांना सांगत सुटले.

सोलापुरात मी त्या बाईंची पुष्कळ चौकशी केली. अशा कुणी बाई तिथं कुणालाच ठाऊक नव्हत्या. त्या कोण, याचा मी आता खल करत नाही. ज्या क्षणी मी देवीपुढं आपला हट्ट खाली ठेवला, त्यानंतरच मला वाट दिसली, एवढं मात्र मी जाणते. आता गावातल्या मुली माझ्याकडं येतात. एकीला शिवणकामाबरोबर हिशेब शिकायचाय, एकीला रेडिओ दुरुस्त करायचाय, आणि तसा वर्ग कुठंच नाही म्हणून त्या खट्टू असतात. मी त्यांना जवळ बसवते, मनात भवानीआईचं नाव घेते आणि विचारते, "सांग बाई, पहिला तुकडा कोणता धरायचा?"