बारा दिवसांचा स्वेटर

माझी वहिनी संयोगिता हिला विणकाम येतं, याबद्दल आख्ख्या शिवाजी पेठेत कुणाला शंका नाही. शंका एवढीच, की तिनं विणून पुरं केलेलं काही कुणी पाहिलंय का. मी तिची नणंद, दोन घरं सोडून राहते, आणि मी तरी पाहिलेलं नाही.

लोकर मात्र भरपूर पाहिली. वहिनी शाळेत शिक्षिका. मे महिन्यात मंडळाच्या बायकांबरोबर तिची ट्रिप ठरलेली. बाकीच्या बायका देवळं बघतात, बर्फात फोटो काढतात. ही लोकरीचं दुकान शोधते. सिमल्याची लोकर, उटीची लोकर, दार्जिलिंगची लोकर. कोल्हापुरात थंडी पडते ती पंधरा दिवस, तीही सकाळी नऊपर्यंत. पण हिच्या कपाटात हिमालयात संसार थाटता येईल एवढा साठा आहे. प्रत्येक लडीबरोबर एक नवा बेत येतो. माझ्या दादाचा बिनबाह्यांचा स्वेटर एकोणीस वर्षं गळ्यापाशी अडकलाय. मध्यंतरी दादा सुटला, मग शुगर निघाली म्हणून वाळला. स्वेटर आहे तिथंच आहे. विचारलं की वहिनी म्हणते, "सुट्टीत निवांत बसून सगळं मार्गी लावतो की." आणि सुट्टी लागली की नवी लोकर आणायला जाते.

गेल्या वर्षी तिची एकुलती एक लेक प्रीती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर गगनबावड्याचं, म्हणजे पावसाचं आणि गारठ्याचं. आठवा महिना लागलेला, पायांवर सूज. आणि वहिनी मनालीला निघाली.

"वहिनी, पोरीला टाकून चाललाय व्हय?" मी तोंडावर विचारलं.

"बाळाच्या लोकरीसाठीच चाललोय न्हवं! हितल्या लोकरीनं तिकडचा गारठा निघतोय व्हय? धा दिवसांत येतो. तू हाईस की."

मी होते. मी कायमच असते.

धा दिवसांनी ती दोन पिशव्या लोकर घेऊन आली आणि गल्लीत सांगत सुटली, "बारशाला कुंची, स्वेटर, टोपी, मोजे, सगळं आजीच्या हातचं. बाजारचं एक बी न्हाय." एवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं. तिनं फोन करून विहीणबाईंनाही सांगितलं. झालं, बारशाला चारचौघांत तिची अब्रू जायची की राहायची ते आता त्या दोन पिशव्यांवर आलं.

पण टाका काही पडेना. कारण बाळ व्हायच्या आधी बाळाचं नवं काही करायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. पहिले बारा दिवस जुन्या मऊ कपड्यांत काढायचे, नवं अंगाला लागतं ते बारशालाच. एरवी ही बाई सोमवारी आम्लेट खाते. ही एक रीत मात्र तिनं जिवापाड पाळली. पोटातल्या लेकराचे टाके घालू नयेत म्हणे. म्हणजे जिला एकोणीस वर्षांत एक स्वेटर झाला नाही, ती चार वस्तू बारा दिवसांत करणार होती!

आषाढात प्रीतीला मुलगी झाली. आतून निरोप येताच वहिनीनं दवाखान्याच्या बाकावर टाके घातले. नर्सनं बाळ पुढं केलं तेव्हा ही म्हणाली, "थांबा, एवढी ओळ होऊ दे." बाळ माझ्या हातात आलं.

एवढी ओळ होऊ दे, हेच आम्ही पुढं बारा दिवस ऐकलं. बाळंतिणीचा शेक मी केला, अळिवाची खीर मी केली, लंगोट दादानं वाळत घातले. वहिनी खिडकीत बसून विणत होती. विणत होती म्हणजे, पहिल्या दिवशी सुयांवर मोजा घातला, दुसऱ्या दिवशी रंग आवडला नाही म्हणून टोपीचे टाके घातले, तिसऱ्या दिवशी मोबाईलवर नवीन नक्षी बघून दोन्ही उसवलं आणि स्वेटर सुरू केला. पाचव्या दिवशी प्रीतीला ताप चढला. दूध साठून छाती दगडासारखी झालेली, पोरगी उशीत तोंड खुपसून रडत होती. "आई, जरा बाळाला घे गं," म्हणाली. वहिनी तोंडातल्या तोंडात टाके मोजत होती. तिनं हात वर करून 'थांब' अशी खूण केली. त्या दिवशी मला खरा संताप आला. त्या सुया चुलीत घालाव्यात असं वाटलं. पण घरात गॅस आहे.

बारशाच्या सकाळी हिशेब असा होता : कुंची नाही, टोपी नाही, मोजे नाहीत. स्वेटर होता, त्याला उजवी बाही होती. डावी नव्हती.

दहाच्या गाडीनं झुंबरबाई, म्हणजे प्रीतीच्या सासूबाई, हजर. चार म्हशींचं शेण काढून, धारा उरकून आलेली बाई. पदर खोचूनच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कुठं हाय आजीच्या हातचं? बघू तर द्या."

वहिनीचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, या घडीची मी वीस वर्षं वाट बघत होते. घडी आली आणि मला मजा वाटेना.

झुंबरबाईंनी स्वेटर उलटा करून बघितला, टाके ओढून बघितले. "बाही ऱ्हायली व्हय? आणा हिकडं लोकर." पिशवीतून त्यांनी मोडक्या छत्रीच्या दोन काड्या काढल्या, टोकं घासून गुळगुळीत केलेल्या. "आमच्याकडं पावसात चार म्हयनं दुसरं काय करायचं ओ?" असं म्हणत जमिनीवर बसल्या. गप्पा मारत, मधेच बाळाला पायानं झोका देत, बायका यायच्या आत बाही लावून मोकळ्या. स्वेटर वहिनीच्या हातात ठेवून म्हणाल्या, "घाला तुमीच. सगळं तुमीच केलंय, मी शेपूट तेवढं वडलं."

यापुढं माणसानं निदान गप्प बसावं. चार वाजता बायका जमल्या, पाळणा झाला, नाव ठेवलं. एकीनं बाळाच्या अंगावरचा स्वेटर चाचपून विचारलं, "कुणी विणला गं?"

"मीच की! बारा दिवसांत," वहिनी म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही. झुंबरबाई घुगऱ्या वाटत होत्या, त्या वाटत राहिल्या. वहिनीनं लगेच फोटो काढून स्टेटसला लावला.

प्रीती पाळण्याशी बसली होती. आवाज न चढवता म्हणाली, "आई, दुसऱ्या खेपेला मी हितं येत न्हाय. मामींकडंच ऱ्हातो." सासूला ती मामी म्हणते.

घुगऱ्या खाणाऱ्या बायका खायच्या थांबल्या. लेकीनं भरल्या बारशात असं बोलावं, यापरता आईला दुसरा मार नाही. वहिनी हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. फोन बाजूला टाकून वहिनी सगळ्यांच्या आधी उठली, दोन्ही हात पुढं केले. प्रीतीनं बाळ उचललं आणि वहिनीच्या हातांवरून, घुगऱ्या वाटून पलीकडं टेकलेल्या झुंबरबाईंच्या मांडीवर ठेवलं.