कर्ज सरकारचं, काळजी मामांची

सरकारवरच्या कर्जाची काळजी उभ्या महाराष्ट्रात एकाच माणसाला आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. मामा निमोण्याला राहतात, आम्ही केडगावला. मधे अंतर बरंच आहे, पण अर्थसंकल्पाच्या दिवशी ते पुरत नाही. सकाळीच फोन येतो, "पाव्हणं, टीव्ही लावला का?" मग दिवसभर मंत्र्यांचं भाषण टीव्हीवर आणि मामांचं माझ्या कानात. एकदा मामींनी त्या दिवशी शिरा केला, तर ताट सरकवून म्हणाले, "राज्य व्याजात चाललंय आन् तुला शिरा सुचतोय व्हय?" तेव्हापासून मामी त्या दिवशी पिठलंच टाकतात. पिठल्याला मामांची हरकत नसते.

बरं, वेळकाळ तरी पाहावा माणसानं! माझ्या मुलीच्या बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या. मामा पुढे झाले. आम्हाला वाटलं, पोरीच्या हातावर काहीतरी ठेवतील. तर पाळण्यात वाकून म्हणाले, "बाय माझी, तू डोळं उघडायच्या आत सरकारनं तुझ्या नावावर उचल घेतलीया. फेडावी लागंल बरं का." पोरीनं भोकाड पसरलं. माझी आई अजून त्यांच्याशी धड बोलत नाही. पुढे एकदा कोरेगाव भीमाला आमची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. मी वैतागून म्हणालो, "इथं वरून पूल टाकायला पाहिजे." मामा भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. "टाकतील की," म्हणाले, "तुमी जाताल पुलावरनं, आन् पैसं तुमची लेक भरंल." लेकीचे तेव्हा दुधाचे दातही पडले नव्हते.

नुसतं बोलून थांबतील तर ते मामा कसले! शेतातल्या मोटारींचं वीजबिल सरकारनं माफ केलं, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. मामा मात्र मला गाडी काढायला लावून शिरूरला बिल भरायला निघाले. खिडकीतला माणूस चक्रावला. "मामा, तुमचं बिल शून्य आहे. काय भरून घेऊ?"

"मग माझ्या वाटचं कोन भरतंय?"

"सरकार."

"आन् सरकार कुठनं आणतंय?"

मागची रांग ओरडायला लागली. मी आत शिरताना डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट बाहेर येईपर्यंत काढलं नाही. मामांचे वडील मेंढरं घेऊन मुलूखभर फिरलेले. घरात पोरं अर्धपोटी असतानाही त्यांनी गाभण मेंढी विकली नाही, हे मामा मोठ्या अभिमानानं सांगतात. "पुढच्या सालाचा कळप तिच्या पोटात व्हता, पाव्हणं." सांगताना त्यांचा आवाज जरा हलतो, आणि मग त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

हेही सगळं सोसलं असतं. पण त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, नेमका सरकारी कामांचा ठेकेदार झाला. लहानसाच. ओढ्यावरच्या मोऱ्या, शाळेच्या भिंती, असली कामं. गेल्या वर्षी एक मोरी बांधून झाली आणि बिल अडकलं. ऑफिसात जावं तेव्हा एकच उत्तर, "वरून निधी नाही." जेसीबीचे हप्ते थकले, सिमेंटवाला सकाळपासून ओसरीवर येऊन बसू लागला, आणि मेहुण्याच्या बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं. अशात गावात नव्या रस्त्याचं भूमिपूजन निघालं. आमदार येणार होते. मामा अशा प्रत्येक कार्यक्रमाला जातात आणि भाषण रंगात आलं की उभं राहून विचारतात, "ह्ये फेडनार कोन?" मेहुणा माझ्यापुढे काकुळतीला आला. "दाजी, आज तेवढं आमच्या आप्पांना आवरा. साहेब बिघडले तर बिल गेलं म्हणून समजा. जेसीबी ओढून नेतील हो!"

मी मांडवात मामांच्या शर्टाची बाही धरून बसलो. आमदारांनी रस्ता जाहीर केला, सभामंडप जाहीर केला, वेशीला कमान जाहीर केली. मामांचा गुडघा हलायला लागला. मी बाही आणखी घट्ट धरली. तेवढ्यात आमदारांनाच खोडी काढावीशी वाटली. माईकवरून म्हणाले, "काय मामा, आज प्रश्न न्हाई का?"

मांडव हसला. मामा उठले. मेहुणा पांढराफटक पडला. मामांनी टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "प्रश्न न्हाई, साहेब. पोराचं बिल तेवढं काढा."

"काढू की!" आमदार खुशीत आले. "सरकारला आणखी कर्ज काढायला लावू, पण मामांच्या पोराचं बिल काढू!"

टाळ्या पडल्या. मामांनीही वाजवल्या.

घरी जाताना ते गाडीवर माझ्या मागे बसले होते. म्हणाले, "पाव्हणं, आज मी बी सरकारला कर्ज काढायला लावलं. नातू फेडंल आता."

"असं कसं मामा? काम केलंय त्यानं. हक्काचे पैसे आहेत."

"व्हय," ते म्हणाले. "समद्यांचं हक्काचंच असतंय."

बिल निघालं. जेसीबी दारात राहिला, मंगळसूत्र सुटून आलं, मेहुण्यानं साऱ्या नातेवाइकांना जेवण घातलं. मामा मात्र त्यानंतर कुठल्या कार्यक्रमाला गेले नाहीत. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकायला हवा होता. परवा मीच त्यांना फोन लावला आणि मुद्दाम काडी टाकली, "मामा, सरकार आणखी कर्ज काढतंय म्हणे!"

पलीकडून आवाज आला, "काढू द्या. तुमी जेवला का?"

इतक्या वर्षांत या माणसानं मला जेवलात का म्हणून कधी विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं. जेवलो म्हणालो, फोन ठेवला आणि काही कारण नसताना बायकोवर खेकसलो.