छत्तीस पेट्यांची घंटा

कामाला एकदा चिकटली की सुटायची नाही, म्हणून कारखान्यात तिला सगळे गोचीड म्हणत, तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याच टेबलाशी ती सोल्डरिंग शिकली होती.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या इथे बनत. छत्तीस पेट्या तयार होत्या, पण आता रुग्णालयाला प्रत्येक पेटीचं तापमान परिचारिकांच्या खोलीतही दिसायला हवं होतं. त्यासाठी आत लिनक्स ही संगणकप्रणाली हवी, आणि पेटीतली चिप तर अगदी लहान.

"हिच्यावर नाही चालायचं," मालक म्हणाले. "नवे बोर्ड मागवू. सहा महिने लागतील."

"बाळं थांबतील का सहा महिने? मला तीन आठवडे द्या."

मालकांनी हात टेकले.

आठवड्याभरात तिने लिनक्समधलं नको ते छाटून ते चिपवर सुरू केलं. खरी डोकेदुखी पुढेच होती. मोठ्या चिपमध्ये प्रत्येक प्रोग्रामची मेमरी राखलेली असते. एकाला दुसऱ्याच्या जागेत शिरता येत नाही. इथे ती राखणच नव्हती. तापमान बिघडलं की धोक्याची घंटा वाजवणारा प्रोग्राम दर बारा-तेरा तासांनी मुकाट बंद पडे.

"तिसऱ्यांदा विचारतोय, जेवलीस का?" घरी नवरा म्हणाला.

"मलाच कुठे आठवतंय," ती म्हणाली.

दहा दिवस तिने घंटेचा प्रोग्राम उलटापालटा करून पाहिला. त्यात खोट नव्हतीच. मग तिने मेमरीत त्याच्या शेजारी असलेल्या प्रोग्रामांवर संशय घेतला. प्रत्येकाच्या जागेच्या कडेला एक ठरावीक आकडा भरून ठेवला आणि कुणाचा पुसला जातो ते बघत बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर तापमानाचा आलेख काढणारा प्रोग्राम पकडला गेला. आलेख लांबला की तो कड ओलांडून घंटेच्या जागेत घुसत होता.

"सापडलास मेल्या," ती हळूच म्हणाली. तिने त्याला ऐसपैस जागा दिली.

"मग आता पाठवू या ना?" मालकांनी विचारलं.

"नऊ दिवस न थांबता चालू दे. मग."

मालक कुरकुरले, पण थांबले. दहाव्या दिवशी पेट्या रुग्णालयात गेल्या.

आठवड्याने तिथल्या परिचारिकेचा फोन आला. घंटा फार कर्कश होती, बाळं दचकत होती. गोचीड स्वतः गेली, आवाज निम्मा केला, परिचारिकांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि पेटीपाशी उभ्या परिचारिकेला फोनवर म्हणाली, "आता वाजवा. इथवर ऐकू येते का बघते."