भिंतीवरचा तेलकट डाग

पूर्णेला रेल्वेच्या जुन्या क्वार्टरी पाडायला घेतल्या, तेव्हा पाडकामाचे फोटो काढायचं काम मला मिळालं. आधीचा एक, पाडतानाचे दोन-तीन अन् शेवटी मोकळ्या जागेचा एक; पाटीवर खडूनं क्वार्टर नंबर लिहून. ते फोटो आता जुने झालेत. पण कुणी मानो न मानो, त्यांना लय रूप हाय. पुढची भिंत पडली की घर पोटातलं सगळं दाखवतं: पिवळ्याखालचा हिरवा, हिरव्याखालचा निळा रंग, देवाचा कोनाडा, खुंटीला राहून गेलेली पिशवी. वर उन्हात धूळ.

त्यातली एक क्वार्टर आमची. वडील गँगमन होते, मी तिथंच वाढलो. माय जाऊन वर्षही झालं नव्हतं अन् तिचा एक फोटो घरात नव्हता. अख्ख्या गावाच्या मायबहिणींचे फोटो मी काढले, घरी मात्र दिव्याखाली अंधार. ती म्हणायची, "आधी गिऱ्हाईक बघ. मी काय पळून जायलेय व्हय?" मी म्हणायचो, उद्या काढू. तेराव्याला पाटावर तिचं लुगडं घडी करून ठेवलं अन् हार त्याला घातला. लाज वाटली. अजून वाटते.

आमच्या क्वार्टरीची पाळी आली त्या सकाळी गावातल्या आताच्या घरातून पाय निघेना. पोचलो तर पुढची भिंत आडवी झालेली, आधीचा फोटो हुकला. रेल्वेचे साहेब करवादले. मी आतली भिंत पडेपर्यंतचे तीन फोटो काढले अन् निघालो.

प्रिंट हातात आल्या तेव्हा दिसलं. चुलीजवळच्या निळ्या भिंतीवर, बसलेल्या बाईच्या डोक्याच्या उंचीला, काळपट गोल डाग. माय तिथंच टेकून बसायची, खोबरेल चोपडलेलं डोकं रोज त्याच जागी. पहिल्या फोटोत डाग. दुसऱ्यात भिंत कललेली, डाग जागचा हललेला नाही. तिसऱ्यात भिंतच नाही, नुसती धूळ, अन् डाग तिथंच, तेवढ्याच उंचीवर. माय गं! लेन्स तपासली, मागचे-पुढचे फोटो पाहिले. दुसऱ्या कशातही तो डाग नव्हता.

तिसरा फोटो मी फ्रेम करून घरात लावला. कुणाला काही बोललो नाही.

दिवाळीला थोरली बहीण आली. चहाचा कप हातात घेऊन फोटोसमोर थांबली. मग कप खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला अन् माझ्यावर खेकसली, "मायच्या फोटोला हार न्हाई घातलास? कसा रे तू!"

मी चप्पल घातली अन् हार आणायला निघालो.