भोंगा मावशींची हाक

आमच्या दवाखान्यात एक माइक आहे. अजून नवाकोरा आहे, कारण तो कधी कुणी वापरलाच नाही. पेशंटना हाक मारून आत पाठवायचं काम मावशींकडे, आणि मावशींनी हॉलमध्ये हाक मारली की रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा मान वर करतं. त्यांना सगळे भोंगा म्हणतात, तेही तोंडावर. त्यांना ते मनापासून आवडतं. मी ड्रेसिंगच्या खोलीतली सिस्टर. माझं दार हॉलकडे उघडतं, त्यामुळे माझे कान मी या बाईला कधीच दान करून टाकलेत.

मावशींचा नवरा लवकर गेला, त्याच्या जागी त्या इथे लागल्या. दाराशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी दोन मुली शिकवल्या. सासरे बहिरे होते म्हणून आपला घसा असा तयार झाला, असं त्या सांगतात. मला विचाराल तर सासरे आधी चांगले असणार, सून आल्यावर बहिरे झाले असणार.

तर या भोंग्याने एक पेशंट पळवून लावला. कॉलेजातला वाटत होता. बारीक कापलेले केस, ढगळ शर्ट, बाकाच्या टोकाला एका बाजूला कलून बसलेला. बरगडीपाशी शर्टाला ओला डाग होता आणि तो श्वास जपून घेत होता. इतकी वर्षं जखमा धुतल्यात, मला लांबूनच कळलं की आत काहीतरी चिघळलंय. तेवढ्यात मावशींनी केसपेपरवरचं नाव पुकारलं. नाव मुलीचं होतं. कुणी उठेना, तशी मावशींनी आवाजाची पट्टी चढवली, "अगं ए मुली, कुठे गेलीस? नंबर आलाय तुझा!" सगळा हॉल मुलगी शोधायला लागला. तो पोरगा मान खाली घालून उठला आणि चक्क बाहेर निघून गेला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. डाग आता मोठा होता. पुन्हा तीच हाक, पुन्हा तो पसार. आता मात्र माझं डोकं फिरलं.

"मावशी, तुमच्या हाकेने पेशंट पळतोय!"

"माझ्या हाकेने? अहो, माझ्या हाकेने मेलेलं माणूस उठून बसेल!"

आमची जुंपली ती ऐकून डॉक्टरबाई बाहेर आल्या. दोघींना आत बसवलं, केसपेपरवरचं नाव बघितलं, डाग कुठे होता ते मला विचारलं आणि सरळ सांगितलं. काही मुलं अशी असतात, की जन्मल्यावर घरच्यांनी त्यांना मुलगी म्हटलेलं असतं, पण ती मुलगे असतात. काहींचं याच्या उलट असतं. कागदावरचं नाव मागे राहिलेलं असतं. ते चारचौघांत पुकारलं की त्यांना तिथे बसवत नाही. छाती सपाट दिसावी म्हणून या मुलाने बँडेज करकचून आवळलं असेल, त्याने कातडी सोलली असेल. वेळेवर उपचार झाले नाहीत तर पू आत पसरेल.

मावशींनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे बाई, त्या लेकराला मी भरल्या हॉलात भलत्याच माणसाच्या नावाने ओरडत होते?" त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "आता तो आला की मी उठून त्याच्याजवळ जाणार. कानात विचारणार."

कानात! यांचं कानात! माझ्या खोलीत आम्ही सराव सुरू केला. मावशी कुजबुजल्या, "काय म्हणून हाक मारू तुला?" औषधांच्या खिडकीतून कंपाउंडर ओरडला, "नेहमीचंच नाव चालेल की, मावशी!" मी हसून हसून लोळायचीच बाकी होते. पण मावशींनी हट्ट सोडला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानाशी लागून त्यांनी दवाखान्याला भंडावून सोडलं.

आणि तो आला! मी दारातच उभी राहिले. आता गेला तर परत येईल की नाही, देव जाणे. मावशी स्टुलावरून उठल्या, त्याच्या शेजारी बसल्या, वाकल्या. "बाळा, तुला काय म्हणून हाक मारू?" अर्ध्या बाकाला ऐकू गेलंच, पण मावशींच्या मानाने ती कुजबुजच. त्याने त्यांच्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. मग हळूच त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मावशी त्याला हाताला धरून थेट माझ्याकडे घेऊन आल्या. मला नाचावंसं वाटत होतं!

"बँडेज तू सोडतोस की मी सोडू? दुखलं की सांग, मी थांबेन," मी म्हटलं. त्याने स्वतः सोडलं. कातडी सोलवटली होती, एके ठिकाणी पू धरला होता. अजून वेळ गेलेली नव्हती. हे असलं का करतोस, असं त्याला कुणीही विचारलं नाही. यासाठी वेगळी बनियन मिळते, ती किती वेळ घालायची, झोपताना का काढायची, हे डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. मात्र जखम भरेपर्यंत काहीही आवळायचं नाही, असं बजावलं. तो प्रश्नावर प्रश्न विचारत सुटला. इतके दिवस विचारायला कुणी नव्हतंच त्याला.

तेव्हापासून तो ड्रेसिंगला नेमाने येतो. तो आला की मावशी उठून त्याच्यापाशी जायच्या, त्याला हलकेच आत आणायच्या. काल हॉल गच्च भरला होता. त्याचा नंबर आला तशा मावशी स्टुलावरून उठायला लागल्या. त्याने बाकावरूनच मान हलवली.

"नको मावशी, बसा तुम्ही. तिथूनच हाक मारा. मोठ्याने."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला, आणि त्याने त्यांच्या कानात सांगितलेलं ते नाव अशा काही आवाजात पुकारलं, की खिडकीची तावदानं थरथरली आणि पलीकडच्या झेरॉक्सवाल्याने मान वर केली.

"आलो!" तो ताडकन उभा राहिला आणि तितक्याच जोरात ओरडला.

औषधांच्या खिडकीतून कंपाउंडरचं डोकं बाहेर आलं. "हा दुसरा भोंगा कुठून आणलात, मावशी?"

"माझाच आहे," मावशी म्हणाल्या.