वाडीवाल्याची वेगळी चूल

माझ्या मेहुण्याशी मी अजून नीट बोलत नाही. त्याचं कारण त्याला माहीत आहे, आता तुम्हालाही सांगतो.

कॉलेजचं तोंड न पाहता मी प्रोग्रामिंग शिकलो. आधी अमरावती रोडवरच्या वाडी गावातल्या गोदामांत माल चढवण्या-उतरवण्याचं काम पाहत होतो. हातानं पास लिहिण्यातली मालकांची अडचण जवळून पाहिलेली, म्हणून ट्रक निघताना फाटकावर पास छापणारा प्रोग्राम मीच लिहिला. पहिलं गिऱ्हाईक वाडीचाच एक गोदाममालक. त्यानं चांगलं म्हटलं तरच आजूबाजूचे येणार होते. दुसरा उमरेडचा कापडव्यापारी. दोघांचेही प्रोग्राम नंदनवनातल्या माझ्या घरच्या एकाच कॉम्प्युटरवरून चालत. ते आपापल्या ठिकाणी ब्राउझरमध्ये उघडत.

मेहुणा इंजिनियर. तो पहिल्यापासून म्हणत होता की प्रत्येक प्रोग्रामला वेगळं एन्व्हायरन्मेंट, कॉम्प्युटरमध्येच एक वेगळी खोली, करून द्या, म्हणजे ज्याच्या लायब्रऱ्या, त्याला लागणारे तयार कोडचे संच, त्याच्याजवळ राहतील. मला ही उधळपट्टी वाटली. आमच्या घरी तिघं भाऊ एका चुलीवर जेवतो. कोणाला तिखट कमी पडलं तर तो वरून घेतो, वेगळी चूल मांडत नाही. ठोकात आणलेला माल सगळ्यांनी वाटून वापरायचा असतो, असं मी त्याला ऐकवलं. तो हसला. ते हसणं मी लक्षात ठेवलं.

पुढे उमरेडवाल्याला एक नवी सोय हवी झाली. त्यासाठी मी दोघांच्या सामायिक लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली. तो खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीहून फोन, पास छापत नाही. ट्रक फाटकापासून अमरावती रोडपर्यंत लागलेले. दुपारपर्यंत चालू झालं नाही तर पुन्हा कार्बन घालून हातानं लिहायचं पासाचं पुस्तक काढतो, आणि शेजारच्या गोदामांतही सांगतो, असं मालकानं बजावलं.

मी जुनी आवृत्ती परत टाकली. वाडी सुरू झाली, उमरेड बंद पडलं. नवी टाकली, उमरेड सुरू, वाडी बंद. मी टेबलावर मूठ आपटली तेव्हा बायकोनं मला न विचारता तिच्या भावाला बोलावलं.

त्यानं हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं आणि आधी चहा मागितला.

"भाऊजी, दोघायले दोन वेगळे करून देतो."

"एकच कर. उमरेडवाल्याले राहू दे आहे तिथंच."

"बर्डीच्या बाजारात भाव करून राहिले का तुमी?"

"डिस्क कोनाची भरून राहिली? माहीच ना?"

त्यानं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मंग मी चहा पिऊन निघतो."

वाडीचा फोन स्पीकरवर चालूच होता. मालकानं आपला फोन मुद्दाम रस्त्याकडे धरलेला, त्यातून ट्रकांचे हॉर्न माझ्या खोलीत वाजत होते.

"कर दोन," मी म्हणालो.

चहा निवायच्या आत त्यानं दोन्ही उभी केली. वाडीला जुनी आवृत्ती, उमरेडला नवी, आणि कोणी कोणाच्या ताटात हात घालायचा नाही. फोनमधले हॉर्न विरळ होत गेले. मग मालकाचा आवाज आला, "निघाली गा पहिली गाडी."

गिऱ्हाईक टिकलं. पण मालकानं फोनवर सगळं ऐकलं होतं. आता काही अडलं की तो मला आधी विचारतो, "मेहुणे आहेत का घरी?"

त्याच्याच शब्दावर शेजारचं गोदाम मिळालं. नव्या मालकाला मी पहिल्याच भेटीत ठणकावून सांगितलं की आपल्याकडे प्रत्येकाची चूल वेगळी, तिथे तडजोड नाही. हे सांगायला जाताना मेहुण्याला सोबत नेलं नाही. तो हसला असता.